परवाना आणि हक्क



विळा विकत घेतला कीं तो आपला झाला. त्याला धार लावावयास विकणाऱ्याची अनुज्ञा लागत नाहीं. परंतु गेल्या अर्धशतकांत अशी एक वस्तु घरांत व कचेऱ्यांत शिरली आहे कीं, तिचें पूर्ण मोल मोजल्यावरहि तिला धार लावण्याचा अधिकार बहुधा विकणाऱ्यापाशींच राहतो. संदेशांना वाट दाखविणारी राउटर नांवाची पेटी ही अशी वस्तु होय. तिच्यांतील सॉफ्टवेअर, म्हणजे यंत्राला पदोपदीं आज्ञा देणारी लिखित रचना, आपणांस सहसा विकली जात नाहीं. ती वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. परवाना आणि हक्क यांतील हा भेद कसा उत्पन्न झाला, हें आज पाहावयाचें आहे.

चांद्याच्या रानांतील माणसाला हा भेद नवा नाहीं. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. पण त्याच्या कितीतरी आधींपासून तेथील गांवकरी रानांतून जें कांहीं आणीत, तें बहुधा हक्क म्हणून नव्हे, तर सवलत म्हणून. सवलत देणारा ती काढूनहि घेऊं शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें हें चित्र पालटण्यास आरंभ झाला. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ मध्यें सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू हें गौण वनोपज असल्याचें कायद्यांत स्पष्ट लिहिलें होतें. तथापि तोडलेला बांबू बाहेर नेण्यास वाहतुकीचा परवाना लागे. तो देणारी लेखणी वनखात्याच्या हातीं होती, आणि खातें तर बांबूला वृक्ष मानी. अखेर एप्रिल २०११ मध्यें तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. हक्क होता, पण परवाना दुसऱ्याच्या हातीं असल्यामुळें तोंवर तो अपुराच राहिला. ही गोष्ट ध्यानांत ठेवून आतां यंत्रांकडे वळूं.

आरंभीं सॉफ्टवेअरला वेगळी किंमत बहुधा नसेच. कुलुपाबरोबर किल्ली यावी, तसें तें यंत्राबरोबर येई. जून १९६९ मध्यें अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें सॉफ्टवेअर व सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचें जाहीर केलें, आणि सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र व्यापारास मोठें बळ मिळालें. पुढें १९८४ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लिओनार्ड बोझॅक व सँडी लर्नर यांनीं सिस्को कंपनी काढली. तिच्या पहिल्या राउटरचें सॉफ्टवेअर त्या विद्यापीठांतच झालेल्या कामावर आधारलेलें होतें. त्यावरून वाद उत्पन्न झाला, आणि १९८७ मध्यें विद्यापीठानें कंपनीला रीतसर परवाना दिला. जगाला परवाने देणारी कंपनी मूळची स्वतःच परवानेदार होती!

आज अशा यंत्राच्या बाबतींत तीन अधिकार निरनिराळे मोजावे लागतात. पहिला, सॉफ्टवेअर वापरण्याचा. दुसरा, त्याची सुधारित आवृत्ति मिळण्याचा. हा पुष्कळदां देखभालीचा करार चालू असेपर्यंतच टिकतो. तिसरा, तें दुसऱ्यास देण्याचा. पेटी विकतां येते, पण परवाना नव्या धन्याकडे जाईलच असें नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२१ मध्यें प्राप्तिकराच्या एका निकालांत, वापरण्याचा परवाना घेणाऱ्याकडे सॉफ्टवेअरचा स्वामित्वहक्क जात नाहीं, हें स्पष्ट केलें.

सुधारित आवृत्ति ही चैन नव्हे. विक्रीनंतर उघडकीस येणारीं छिद्रें तिच्याच योगें बुजवितात. करार संपला तरी पेटीवरचा दिवा लुकलुकत राहतो. पाहणाऱ्यास सर्व ठीक वाटतें, पण चोरवाट उघडीच असते. त्या वाटेवर शाळेचें काम आणि ग्रामपंचायतीचें दप्तर असतें.

या परावलंबनावर आपल्या देशानें एकदां उपाय योजून पाहिला. १९८२ मध्यें फ्रान्सच्या सी. आय. टी.-अल्काटेल कंपनीशीं टेलिफोन केंद्रांच्या तंत्राचा करार झाला व उत्तर प्रदेशांत मनकापूर येथें कारखाना निघाला. परंतु घरचें तंत्र हवें म्हणून १९८४ मध्यें सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापण्यांत आली. ३६ महिने आणि ३६ कोटि रुपये एवढ्यांत तिनें काम करावयाचें होतें. तिचें खेड्यांसाठीं बनविलेलें १२८ जोडण्यांचें केंद्र जुलै १९८६ मध्यें कर्नाटकांतील कित्तूर येथें सुरू झालें. त्याला वातानुकूलित खोलीची गरज नव्हती. चंद्रपूरचा उन्हाळा सोसणाऱ्यांना याचें महत्त्व सांगावयास नको. सी-डॉटनें हें तंत्र अनेक कारखानदारांना दिलें, तेंहि परवान्यानेंच. परवाना नाहींसा झाला नाहीं. लेखणी मात्र देशांत आली.

ऑक्टोबर २०११ मध्यें देशांतील सुमारें २.५ लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनीं जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढें भारतनेट झाली. रानांतल्या गांवापर्यंत तंतु नेणें हें मोठें काम खरें. पण तंतूच्या टोकाला पेटी असते, आणि पेटीला करार असतो. पेटीची किंमत एकदां द्यावी लागते. कराराची पुन्हां पुन्हां. अंदाजपत्रकांत पहिली रक्कम दिसते, दुसरी बहुधा विसरली जाते.

म्हणून शाळा, सोसायटी अथवा ग्रामपंचायत असें यंत्र घेईल, तेव्हां खरेदीच्या कागदांत तीन गोष्टी लिहून घ्याव्या: सुधारणा किती वर्षें मिळतील, त्यांचें मोल कोण देईल, आणि यंत्र दुसरीकडे दिलें तर परवाना त्याबरोबर जाईल कीं नाहीं. मेंढ्याच्या ग्रामसभेनें हक्काच्या कागदावर समाधान न मानतां परवान्याचें पुस्तक मागितलें. यंत्राच्या ग्राहकानेंहि पावतीबरोबर कराराची तारीख मागावी, आणि ती संपण्यापूर्वीं तजवीज करावी.