मोहाची दारू: भट्टीपासून कॉकटेलच्या पेल्यापर्यंत

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा पूर्वीच्या गढा-मंडला या गोंड राज्याच्या मुलखात येते. या मुलखात घरी दारू गाळण्याची रीत मोहाच्या झाडावर उभी राहिली. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळून पडलेली फिकट पिवळी, रसरशीत फुले वेचून उन्हात सुकवतात. वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात. ती भिजवून काही दिवस आंबवतात, मग मडक्यात घालून चुलीवर चढवतात. वरच्या भांड्यात गार पाणी असते. वाफ त्याच्या तळाला लागून निवते आणि थेंबाथेंबाने खाली साठते. पाणी वेळेवर बदलले नाही तर अर्धी दारू वाफेतच जाते, म्हणून खरे कसब इथेच. पहिली धार सर्वांत कडक.

गोंडांच्या घरी ही दारू देवापुढे, लग्नात आणि मर्तिकातही लागते. इंग्रजांनी मात्र तिच्याकडे महसूल म्हणून पाहिले. मुंबई इलाख्यात 1892 च्या कायद्याने मोहफुलांवरच निर्बंध आले; मध्य प्रांतात 1915 चा अबकारी कायदा आला.

प्रतिष्ठा उशिरा मिळाली. 2018 मध्ये गोव्यात डेसमंडजी या नावाने बाटलीबंद मोहाची दारू आली. 2021 मध्ये मध्य प्रदेश सरकारने ती ‘हेरिटेज’ मद्य म्हणून विकण्याची घोषणा केली. आता मार्टिनीच्या धर्तीवर संत्र्याचा किंवा आंब्याचा रस, लिंबू आणि बर्फ यांच्यासोबत ती घोळवून निमुळत्या पेल्यात गाळता येते. तिच्या अंगच्या फुलाच्या वासामुळे रस बेतानेच घालावा लागतो.