भाषणातील उसनी वाक्ये : आरोप, कायदा आणि बाबासाहेबांचा दाखला

निवडणूक जवळ आली की नाशिकरोडपासून सातपूरपर्यंत सगळ्याच पक्षांच्या फलकांवर बाबासाहेब दिसू लागतात. काही वाक्ये त्यांची असतात, पण खाली नाव नसते. काहींखाली नाव असते, पण वाक्य त्यांचे नसते. मग ‘आमच्या बापाचे वाक्य चोरले’ असा वाद पेटतो. वस्त्यांमध्ये काम करताना युवक आम्हाला विचारतात, दुसऱ्याचे वाक्य भाषणात घेणे हा गुन्हा आहे का? त्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे.

तीन वेगळ्या गोष्टी

पहिली, नाव सांगून घेतलेले वाक्य. त्यात गैर काही नाही. दुसरी, नाव लपवून स्वतःचे म्हणून खपवलेले वाक्य. यालाच वाङ्मयचौर्य म्हणतात. तिसरी, आपल्या मनातले वाक्य थोरांच्या तोंडी घालणे. आरोप बहुधा दुसऱ्या प्रकाराचा होतो. चळवळीचे जास्त नुकसान मात्र तिसऱ्यामुळे होते, कारण त्यातून खोटा इतिहास तयार होतो.

गाजलेली प्रकरणे

१९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्षपद लढवू पाहणारे जो बायडेन यांनी ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांच्या भाषणाचा भाग नाव न घेता वापरला. आपल्या घराण्यात आपणच पहिल्यांदा विद्यापीठात कसे गेलो, ही किनॉक यांची कहाणी त्यांनी स्वतःची म्हणून सांगितली. आधीच्या सभांमध्ये ते किनॉक यांचे नाव घेत असत. एका सभेत ते राहिले. इतरही आरोप पुढे आले आणि सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांनी माघार घेतली. २००८ मध्ये बराक ओबामा यांच्यावर मित्र डेव्हल पॅट्रिक यांचे मुद्दे उचलल्याचा आरोप झाला. पॅट्रिक यांची हरकत नव्हती, तरी नाव घ्यायला हवे होते हे ओबामांनी मान्य केले. जुलै २०१६ मध्ये मेलानिया ट्रम्प यांच्या भाषणात मिशेल ओबामा यांच्या २००८ च्या भाषणातील ओळी सापडल्या आणि भाषण लिहिणाऱ्या मदतनीस बाईंनी चूक कबूल केली.

आरोप नेहमी खराच असतो असेही नाही. खासदार महुआ मोईत्रा यांच्या जून २०१९ मधील लोकसभेतील भाषणावर एका अमेरिकी लेखातून उचलल्याचा ठपका आला. त्यांनी भाषणातच मूळ भित्तिपत्रकाचा उल्लेख केला होता. ज्याचा लेख चोरल्याचे म्हटले जात होते, त्या लेखकानेच हा आरोप फेटाळला.

बाबासाहेबांवर आरोप झाला तेव्हा

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांसमोर हाच आक्षेप होता : मसुद्याचा मोठा भाग १९३५ च्या कायद्यातून घेतला आहे. त्यांनी ते नाकारले नाही. उसने घेण्यात लाज कसली, संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मक्तेदारी नसते, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्याच भाषणात संविधानिक नीतीबद्दल बोलताना त्यांनी इतिहासकार ग्रोट यांचे नाव घेतले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात व्यक्तिपूजेचा धोका सांगताना जॉन स्टुअर्ट मिल आणि डॅनियल ओकॉनेल यांची नावे घेतली. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात तर स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धांच्या शिकवणीतून घेतल्याचे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे घेतले, पण कोणाकडून ते सांगून घेतले.

आपल्या घोषणेचे काय?

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही त्रिसूत्री बाबासाहेबांनी जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत दिली, तेव्हा इंग्रजीतला क्रम ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज’ असा होता. मराठीत शेवटचे दोन शब्द उलटे झाले. हेच तीन शब्द १८८० च्या दशकात ब्रिटनच्या समाजवादी चळवळीत वापरात होते. हे सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. विलायतेतल्या कामगारांचे शब्द इथल्या अस्पृश्य समाजाच्या मुक्तीसाठी वापरताना त्यांनी त्यांना नवा अर्थ दिला.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार जाहीर भाषणावर पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो. तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखन-भाषणांवरील कॉपीराइट २०१६ अखेर संपला. त्यांची वाक्ये आता कोणताही पक्ष वापरू शकतो; ‘ती फक्त आमची’ असा दावा कायद्यात टिकणार नाही. मात्र निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार बंधनकारक आहे. खोटे वाक्य छापले असेल, तर जाब कोणाला विचारायचा ते तिथे कळते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. वाक्य पुढे पाठवण्याआधी तारीख, ठिकाण आणि प्रसंग विचारा. तिन्ही सांगता येत नसतील तर थांबा.

२. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत ते शोधा. मराठी भाषणांसाठी १८ वा खंड पाहा.

३. नेमके शब्द हाती नसतील तर ‘या आशयाचे’ असे लिहा. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा याचे जवळचे उदाहरण आहे. तिचे शब्द फलकागणिक बदलतात, आशय मात्र पक्का आहे.

४. आरोप करण्याआधी पूर्ण भाषण ऐका. वक्त्याने नाव घेतले असेल तर आपला आरोपच खोटा ठरेल.

दुसऱ्यांच्या फलकावर बोट ठेवण्याआधी आपल्या जयंतीचा फलक तपासू या. १४ एप्रिलला आपणच छापलेले वाक्य बाबासाहेबांचे नसेल, तर इतरांना विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याकडे उरत नाही.