मुंबईतील सरकारी चाळी आणि उजेडाचे मोजमाप
१८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला आणि अंधारी, कोंदट खोली हेच रोगाचे माहेरघर, अशी सरकारी समजूत दृढ झाली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो याच धारणेतून. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशरेषेचा मोठ्या आग्रहाने पुरस्कार केला. नियम गणिती दिसला तरी आशय साधा होता : समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निदान निम्मी जागा मध्ये मोकळी असावी.

खरी कसोटी लागली ती सरकार स्वतःच मोठे घरमालक झाले तेव्हा. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया जकात बसवून ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळीच उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ८० खोल्या. चाळी सुट्या व काँक्रीटच्या होत्या. जुन्या खासगी चाळींच्या मानाने उजेडवाऱ्याची वाण नव्हती. तथापि वरळीच्या कित्येक खोल्यांना वर्षानुवर्षे भाडेकरू मिळाला नाही. गिरणी दूर, बाजार दूर. आणि मजुराला तर भोंग्याआधी कामावर हजर व्हावयाचे असे. प्रकाशरेषा काढणाऱ्यांनी ही पायपीट मोजली नव्हती, हे त्या योजनेचे मोठे वैगुण्य म्हटले पाहिजे.

ट्रस्टच्या स्वतःच्या चाळी निराळ्या. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि त्या चाळींपुरते नियम पाळावयास लावणारा व भाडे वसूल करणारा एकच झाला.