चहाचा कप आणि बीअरचा ग्लास

लंडनला जाऊन आलेल्या पुणेकराला पहिला प्रश्न येतो तो "राणीचा राजवाडा पाहिलात का?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "तिकडे काही... घेतलंत का?" आम्ही उभयतांनी २०१८ साली दोन्ही केले. त्यातले दुसरे लिहिण्यासारखे वाटले, कारण त्यात पुण्याचाच इतिहास निघाला.

सकाळी मेडा व्हेल भागात १०, हाउली प्लेस हे घर पाहिले. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहिले होते, तशी निळी पाटी भिंतीवर आहे. मग सेंट पॉल कॅथीड्रल. (घुमटाच्या पायऱ्या मी एकट्याने चढलो. सौ. गुडघ्यांच्या सल्ल्याने खालीच बसली.) तिथून उतरले की फ्लीट स्ट्रीट. एके काळी इंग्लंडची कितीतरी मोठी वर्तमानपत्रे या एका रस्त्यावरून निघत. आता छापखाने गेले, पण गुत्ते राहिले!

रस्त्याच्या पश्चिम टोकाला उच्च न्यायालयाची दगडी इमारत आहे. १८८२ साली तिचे उद्घाटन झाले. 'इंडियन अनरेस्ट' पुस्तकातल्या मजकुराबद्दल टिळकांनी व्हॅलेंटाइन चिरोलवर लावलेला बदनामीचा खटला इथेच १९१९ च्या सुरुवातीला चालला. चिरोलच्या बाजूने एडवर्ड कार्सनसारखा नामांकित वकील होता, आणि ज्यूरीने निकाल टिळकांच्या विरुद्ध दिला. शाळेत हा धडा मी कितीदा शिकवला असेन, पण ती इमारत समोर पाहिल्यावर मी गप्पच झालो.

संध्याकाळी 'ये ओल्ड चेशायर चीज' या पबमध्ये गेलो. १६६६ च्या आगीनंतर १६६७ मध्ये तो पुन्हा बांधला. बोळातून आत शिरायचे, ठेंगणे छत, लाकडी बाकडी, आणि काळोख आपल्या वाड्यातल्या माजघरासारखा. डॉ. जॉन्सन इथे येत असे म्हणतात. त्याचे घर मागच्याच गॉफ स्क्वेअरमध्ये आहे हे खरे, पण बॉस्वेलने, ज्याने त्याची शिंकसुद्धा नोंदवली, या पबचे नाव कुठे घेतलेले नाही. असो. मी अर्धा पाइंट बीअर घेतली आणि सौ.ने सफरचंदाची सायडर. तीही अर्धा पाइंटच.

सौ.चे माहेर गुरुवार पेठेत, पंचहौदाजवळ. तेव्हा तिला हसू येणे साहजिक होते. तिथल्याच मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशींनी मग हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजले. ज्या गोपाळरावांनी १८८३ साली पत्नी आनंदीबाईला डॉक्टर होण्यासाठी एकटीला अमेरिकेला धाडले, तेच हे! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांखातर प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते रुचले नाही, हे त्यांच्याच आठवणींत वाचायला मिळते. मला या सगळ्या प्रकरणात रमाबाईंचेच म्हणणे पटते. एका कपासाठी एवढ्या मोठ्या माणसाने मान तुकवावी?

हे मी सांगत होतो तेवढ्यात सौ.ने बोट दाखवले. एका दारावर जुनी पाटी होती. या बारमध्ये फक्त पुरुषांनाच दिले जाईल, अशा अर्थाची. आता ती शोभेची आहे, पण एके काळी खरी होती.

आपल्याला वाटते, सोवळेओवळे फक्त आपल्याकडे. याच रस्त्यावर 'एल व्हिनो' नावाचे वाइन बार आहे. तिथे पत्रकार आणि वकील काउंटरशी उभे राहून पीत. बायकांना मात्र काउंटरवर मिळत नसे. त्यांनी मागच्या खोलीत टेबलाशी बसायचे आणि तिथे आणून दिलेले घ्यायचे. म्हणजे आत यायला बंदी नाही, फक्त पंगत वेगळी! बातम्या काउंटरशी फुटत, त्यामुळे स्त्री पत्रकाराचे नुकसान होई ते निराळेच. टेस गिल ही सॉलिसिटर आणि ॲना कूट ही पत्रकार, या दोघींनी खटला भरला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला. अपील कोर्टाने नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपील कोर्ट म्हणजे तीच दगडी इमारत, जिथे टिळक हरले. १९८२ हे साल लक्षात घ्या, मंडळी. तेव्हा त्या देशात पंतप्रधान मार्गारेट थॅचर होत्या!

सौ.ने हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, मग पुढचे मी जाऊन आणते." गेली काउंटरवर, मोडक्या इंग्रजीत मागितले आणि दोन ग्लास घेऊन आली. उतू न जाऊ देता, हे विशेष.

पुण्याला परतल्यावर तिच्या नव्वदीतल्या मामांना आम्ही सगळे खरे सांगितले. जन्मभर गुरुवार पेठेत राहिलेले, सोवळ्यात जेवणारे गृहस्थ. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, "बिल किती झालं?"