पोटमाळ्याचा हिशेब

घराला जागा जोडायची झाली की पैसेवाला गृहस्थ प्रथम नकाशा काढतो, परवानगी घेतो आणि मग गवंड्याला बोलावतो. गिरणगावातल्या कामगाराने प्रथम सुताराला बोलावले. नकाशा आणि परवानगी त्याच्या वाट्याला आलीच नाहीत. त्याला जागा मिळाली, परंतु तिची किंमत पदरात पडली नाही. असे का झाले, याचा विचार आज करावयाचा आहे.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले, पण उठवलेल्या माणसांना पुरेशी घरे मिळाली नाहीत. पुढे 1920 नंतरच्या काळात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून 207 चाळी उभ्या केल्या. त्याच या बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, एक खोली सुमारे 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. चाळ सरकारी असो वा खासगी, एकेका खोलीत कोकणातले नि घाटावरचे कितीतरी गडी राहत. रात्रपाळी करून आलेला गडी दिवसपाळीवाल्याच्या वळकटीवर आडवा होई.

जमिनीवरची जागा संपली तेव्हा नजर वर गेली. भिंतीच्या आधाराने वासे टाकले, त्यांवर फळ्या ठोकल्या, शिडी टेकवली, की पोटमाळा तयार. सोळा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीत चार फुटांचा माळा आडवा घातला, तर 40 चौरस फूट, म्हणजे खोलीचा चौथा हिस्सा, नव्याने हाती येतो. तेथे उभे राहता येत नसे. पण पोराला अभ्यासाला बसता येई, नव्या जोडप्याला आडोसा होई.

कायद्याने मात्र या माळ्याकडे संशयाने पाहिले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने खासगी चाळींतील भाडी 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. कामगाराला तो मोठाच आधार होता. परंतु मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम करणाऱ्या भाडेकरूला खोलीबाहेर काढण्याची सोयही त्याच कायद्यात होती. म्हणून पोटमाळा कायमचा की काढता येण्याजोगा, यावर कोर्टात वाद झडले. माळ्यामुळे खोलीची पागडी वाढे, हे खरे. पण पागडीच बेकायदा असल्याने तिची पावती नसे. ती घेण्यादेण्यास कायद्याने मुभा दिली ती 1999 च्या कायद्याने.

दुसरी गोष्ट वजनाची. एकाने माळा घातला की दुसरा घालतो, तिसरा गॅलरी बंदिस्त करतो, चौथा मधली भिंत पाडतो. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या खोलीपुरता. इमारतीला मात्र सगळ्यांचा भार पेलावा लागतो. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला एक इमारत कोसळून 17 माणसे गेली. तळमजल्यावरच्या फेरबदलांत आधाराचे भाग तोडल्याचा आरोप तेव्हा झाला.

आम्ही चळवळीतली माणसेही येथे चुकलो. बोनस नि महागाईभत्ता हा संघटनेचा प्रश्न मानला, आणि खोली हा ज्याचा त्याचा खासगी मामला समजलो. बीडीडी चाळींचा अनुभव काय सांगतो? शिवडी वगळता उरलेल्या 195 चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आला, आणि 160 च्या जागी 500 चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याचे ठरले. वरळीत 2025 साली पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. तेथे कोणाचाही पोटमाळा मोजला गेला नाही. मोजली गेली ती कागदोपत्री नोंदलेली खोली. ज्या गड्याने आयुष्य माळ्यावर काढले आणि ज्याच्या नावाची पावती नव्हती, तो हिशेबाबाहेर राहिला.

म्हणून घर वाढवू पाहणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की प्रथम हक्काचा कागद पाहा. मग इमारत किती भार सोसेल, हे जाणकाराकडून तपासून घ्या आणि शेजाऱ्यांना एकत्र बसवा. सुताराला निरोप त्यानंतर धाडा.