घड्याळाची केस : ओरखडे व पोचे काढणे

जुन्या मनगटी वा खिशातील घड्याळाच्या धातूच्या कवचावरील ओरखडे आणि पोचे हाताने काढून मूळ आकार व झिलई परत आणण्याचे काम. ते घड्याळजी करतात. पोचे काढण्यापुरते ते चांदीकामाला जवळचे आहे.

महाराष्ट्रातील घरांत सापडणाऱ्या जुन्या घड्याळांत मुंबईतून विकली गेलेली वेस्ट एंड, फाव्र-ल्यूबा ही स्विस घड्याळे आणि एचएमटी ही नावे ठळक आहेत. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोरला घड्याळांचा कारखाना उभारला. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

धातूची ओळख : सर्वांत महत्त्वाची पायरी. मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असा ठसा असला तर स्टीलचे फक्त झाकण असते. एचएमटीच्या अनेक स्वस्त मॉडेलांची केस क्रोमचा मुलामा दिलेल्या साध्या धातूची, बहुधा पितळेची, आहे. शोभेसाठी दिलेला क्रोमचा थर बहुधा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि त्याखाली निकेल असते. अशी केस बफवर, म्हणजे फिरत्या पॉलिशच्या चाकावर, धरली की ओरखडा जाण्याआधी मुलामाच जातो आणि कडांवर पितळ पिवळे उघडे पडते. मग जुना मुलामा उतरवून, पितळ घासून, पुन्हा निकेल व क्रोम चढवण्यावाचून मार्ग नसतो. सोन्याच्या मुलाम्याची जाडी १० किंवा २० मायक्रॉन अशी कोरलेली आढळते. २० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तिथे मऊ कापड पुरे.

घासकाम : मशीन, डायल व काच काढून केस धुतात. स्टीलवर ४०० ते २००० क्रमांकांचे एमरी कागद, जाडाकडून बारकाकडे, सपाट काचेवर ठेवून वापरतात. मूळ पृष्ठभाग रेघांचा असेल तर रेघांची दिशा राखावी लागते. शेजारचा चकचकीत भाग चिकटपट्टीने झाकतात. लग, म्हणजे पट्टा अडकवायची टोके, यांच्या धारदार कडा हीच केसची खरी घडण. यंत्राच्या बफने त्या गोल होतात आणि गेलेला धातू परत येत नाही, म्हणून हाताचे काम श्रेष्ठ. खोल ओरखडा पूर्ण काढावा की ठेवावा, याबद्दल संग्राहकांत एकमत नाही.

पोचे : चांदीच्या खिशातील घड्याळाचे झाकण चामड्यावर बाहेरची बाजू खाली करून ठेवतात आणि आतून गुळगुळीत लाकडी वा शिंगाच्या अवजाराने हळूहळू दाबतात. तापवल्यास बिजागरीचा डाक सुटू शकतो. आतले शुद्धतेचे व गावाचे ठसे, उदाहरणार्थ बर्मिंगहॅमचा नांगर, घासले जाऊ नयेत. घड्याळाचे वय ठरवायला अशा ठशांची मदत होते.

काच : अ‍ॅक्रिलिकची पॉलिशने साफ होते.

दक्षता : १९६० च्या दशकापूर्वीच्या, अंधारात चमकण्यासाठी रंगवलेल्या डायलवर बहुधा रेडियम असते. ते खरवडू नये. डायल वेगळी, झाकून ठेवावी.