आजीचं लुगडं, ताईचं बाळ

परवा शनिवारी ताईच्या बाळासाठी दुपटं शिवायला बसलो. (हो, मीच! कोडिंग करणाऱ्याने सुई धरू नये असं कुठे लिहिलंय?) आजीने तिचं विटलेलं नऊवारी लुगडं पुढ्यात टाकलं. म्हटलं, नवं कापड आणतो की! तर म्हणे, "नवं टोचतं रे. धुऊन धुऊन मऊ झालेलंच बाळाला बरं."

पण गोष्ट नुसत्या मऊपणाची नाही. आजीचा जन्म १९४३ चा. महायुद्ध चालू, गिरण्यांचं बरंचसं कापड लष्कराकडे, भाव भडकलेले. त्याच वर्षी सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणलं. गिरण्यांच्या मुंबईतसुद्धा टंचाई! मग पणजीने आजीचा अख्खा बाळंतविडा एका जुन्या लुगड्यातून काढला. काठ टिकाऊ, तो कुंचीला. अंगाचं मऊ सूत झबल्यांना, आणि त्यांना गुंडी नाही, बंद. गुंडी तुटली की थेट बाळाच्या तोंडात ना! विरलेले तुकडे लंगोट नि लाळेऱ्यांना, चिंध्या गोधडीत. आम्ही ऑफिसात 'रीयूज'वर प्रेझेंटेशनं देतो. असो.

माझा हात मात्र धजेना. आजी आता गाऊनच घालते, हे तिचं शेवटचं सुती लुगडं. मी कात्री धरून नुसताच बसलो, तर तिने ते ओढून घेतलं, काठाशी दाताने चीर दिली आणि टर्रकन फाडलं. "कात्री वाकडी जाते. फाडलं की सुतात सरळ येतं."

धावदोरा माझा आहे. तो वाकडाच गेलाय.